मालाच्या मागोमाग

इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसनं सहा ड्रम रंग परत पाठवायचं ठरवलं होतं. तक्रार एका ओळीची होती: शेड बसत नाही. अंबरनाथच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला असलेल्या माझ्या मैत्रिणीच्या मुलीनं त्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना काढून पुन्हा तपासला. रंगात खोट नव्हती. एरवी रिपोर्टवर सही करून ती पुढच्या बॅचकडे वळली असती. पण सेल्सचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्हीच चला. माझं ते ऐकत नाहीत." ती गेली. रात्रभर प्रवास करून सकाळी डाईंग मास्तरांच्या खोलीतल्या लाकडी बाकावर जाऊन बसली. पहिले दोन तास तिनं नुसतं पाहिलं. मग विचारलं, "पाणी कुठलं वापरता?" मे महिना होता, नेहमीचं पाणी पुरत नव्हतं, म्हणून तीन आठवडे बोअर चालू होती. तिनं बरोबर आणलेल्या किटनं पाणी तपासलं. चांगलंच जड निघालं. ते मऊ करायला काय आणि किती घालायचं याचा हिशेब करून तिनं तिथल्याच लॅबमध्ये सुती कापडाचे तीन तुकडे रंगवले आणि मास्तरांच्या हातात ठेवले. मास्तरांनी ते खिडकीशी नेले, उजेडात धरले आणि मालकांना हाक मारली. ड्रम तिथंच राहिले. पुढच्या महिन्यात ऑर्डर दुप्पट आली.

"काका, अकरा वर्षं मी रंग तपासतेय," ती मला म्हणाली, "पण तो कुणाच्या हातात जातो ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं."

तिचं वय तेहतीस. आता तिला मार्केटिंगमध्ये जायचं आहे आणि त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडायचा आहे. माझ्या टेबलावर तिनं तीन माहितीपत्रकं मांडली. पहिलं दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचं. त्यासाठी नोकरी सोडावी लागेल आणि फी तिच्या दोन वर्षांच्या पगाराहून जास्त. दुसरं तीन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाचं, वर्ग संध्याकाळी. तिसरं ऑनलाइन, घरबसल्या. "यातलं कोणतं घेऊ?" असं तिनं विचारलं. हा प्रश्न आज हजारो घरांत विचारला जातो आहे आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर संस्थांच्या क्रमवारीत शोधलं जातं. मला वाटतं ते उत्तर जरा मागे जाऊन शोधायला हवं. हे शिक्षण मुळात कशासाठी आणि कुणासाठी सुरू झालं, ते नीट पाहिलं की ही तीन पत्रकं वेगळी दिसायला लागतात.

मार्केटिंग हा विषय विद्यापीठात शिरला तो विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, अमेरिकेत. मिशिगन विद्यापीठात १९०२ मध्ये एडवर्ड जोन्स यांनी मालाच्या वितरणावर एक अभ्यासक्रम शिकवला. या विषयाच्या इतिहासात तो पहिल्या अभ्यासक्रमांपैकी एक मानला जातो. पण मला खरी सुरुवात दिसते ती मिनेसोटात, दहाएक वर्षांनंतर. तिथल्या विद्यापीठात एल. डी. एच. वेल्ड नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. राज्य शेतीचं. शहरात खाणाऱ्यानं मोजलेल्या पैशांतले आपल्या हातात इतके थोडे कसे पडतात, हा तिथल्या शेतकऱ्यांचा सवाल होता आणि सगळा राग मधल्या दलालांवर होता. वेल्ड यांना हे शिकवायचं होतं, पण शिकवायला पुस्तकच नव्हतं. तेव्हा ते मालाच्या मागोमाग निघाले. मिनेसोटातल्या गावातून निघालेलं लोणी आणि अंडी न्यूयॉर्कच्या किरकोळ दुकानापर्यंत कशी पोचतात, वाटेत कोण हात लावतो, कोण साठवतो, कोण प्रत लावतो, कोण उधारी देतो आणि त्या प्रत्येक हाताला किती मिळतं, हे त्यांनी टप्प्याटप्प्यानं पाहून लिहून काढलं. मधली माणसंही काहीतरी खरं काम करतात, असं त्यांना दिसलं आणि त्यांनी ते वर्गात सांगितलं. त्यावरून त्यांना विधिमंडळाच्या समितीपुढे उभं राहावं लागलं. १९१६ मध्ये शेतमालाच्या मार्केटिंगवरचं त्यांचं पुस्तक आलं. आणि लगेच दुसऱ्या वर्षी त्यांनी प्राध्यापकी सोडून मांसउद्योगातल्या स्विफ्ट आणि कंपनीत बाजार-संशोधनाचं काम घेतलं. या विषयाचा एक आद्य शिक्षक स्वतःच मध्यावर वाट बदललेला माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे याचा पाया त्याही आधीचा आहे, फक्त तो विद्यापीठात घातला गेला नाही. वऱ्हाडातल्या कारंज्यात १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस खात्रीनं मिळावा हा इंग्रजांचा स्वार्थ त्यामागे होता, हे खरं. तरी वजन कुणी करायचं, अडत किती घ्यायची, सौदा कुठे व्हायचा, याचे नियम त्या आवारात लिहिले गेले. १९६३ चा आपला बाजार समित्यांचा कायदा त्याच वाटेवरचा. सरकारी मराठीत आजही या खात्याचं नाव 'पणन' आहे. देवघेव, सौदा या अर्थाच्या संस्कृत धातूवरून आलेला शब्द. महाविद्यालयांनी त्याला 'वि' लावून 'विपणन' केलं आणि मग बोलण्यात मार्केटिंगच राहिलं. पणन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कांद्याचं आवार येतं आणि मार्केटिंग म्हटलं की वातानुकूलित खोलीतला पडदा. हे दोन शब्द एकमेकांपासून इतके लांब गेले, त्यात आपलं मोठं नुकसान झालं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मराठी माणसाला पाठ असते, पण ती उद्योजकाची गोष्ट म्हणून. ती करिअर बदलण्याची गोष्ट म्हणून वाचून पाहा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आले आणि रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, ते तेच शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला गेले. तिथे भावाबरोबर सायकली विकल्या, लोकांना चालवायला शिकवलं. मग चारा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला पण घेईना कुणी. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

त्या दोन वर्षांबद्दल मी नेहमी विचार करतो. लक्ष्मणरावांना रेखाटन येत होतं, लोहारकाम कळत होतं, ते शिक्षकही होते. शिकवण्याचा अनुभव तर थेट कामी आला असणार. ज्यानं वर्गात मुलांना यंत्र समजावून दिलं, त्याला शेताच्या बांधावर उभं राहून शेतकऱ्याच्या मनातली भीती ऐकून घेणं जड जात नाही. आधीच्या आयुष्यातलं काहीच वाया गेलं नाही. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली, १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यावी, हा त्यामागचा मूळ हेतू. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते वाढत गेलं. त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं. मराठी वाचकाची एक अख्खी पिढी घडवणारी ही मासिकं नांगर विकण्याच्या धडपडीतून उगवली. मार्केटिंगच्या वर्गात हे उदाहरण शिकवलं जात नाही. मी शिक्षक असतो तर पहिल्या तासाला हेच घेतलं असतं.

आता शाळेकडे येतो. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याची ओळख आहे. त्या कॉलेजात १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं होतं. सिडनहॅमच्या पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका पारशी मित्रानं कर्ज दिलं, आणि तिशीला टेकलेला हा प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी होऊन लंडनला गेला. नोकरी करून मग शिकणाऱ्याची ओढाताण त्यांनी स्वतः भोगली होती. म्हणून १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज निघालं, तेव्हा तिथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे कचेरीत जाण्याआधी माणसाला शिकता यावं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, तिच्याशी याची नाळ जोडलेली आहे. दिवसा कामावर जाणाऱ्याला शिकायचं असेल तर शाळेनं त्याच्या घड्याळाप्रमाणं चालावं, ही महाराष्ट्रानं स्वतः कमावलेली समज आहे. तिचा मला अभिमान वाटतो.

व्यवस्थापनाच्या शिक्षणात ही समज मागे पडली. १९५९ मध्ये अमेरिकेत फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांनी तिथल्या बिझनेस स्कूलांवर दोन अहवाल काढले. शिक्षण ढिलं आहे, शास्त्रीय पाया नाही, गणित नाही, अशी टीका झाली. टीका बरीचशी खरी होती. पण त्यानंतर शाळा व्यापाराच्या पेठेपासून दूर सरकल्या आणि आकड्यांच्या जवळ गेल्या. १९६० मध्ये मॅकार्थी यांनी वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसार अशी चौकट मांडली, ती आजही पहिल्या सत्रात पाठ करावी लागते. त्याच वर्षी थिओडोर लेविट यांचा गाजलेला लेख आला. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या स्वतःला रेल्वे समजत राहिल्या, प्रवासी वाहून नेणारे समजल्या नाहीत, म्हणून मागे पडल्या, असं त्यांचं म्हणणं. १९६७ मध्ये फिलिप कॉटलर यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक निघालं आणि जगभरच्या वर्गांत पोचलं. कॉटलरही मूळचे अर्थशास्त्राचे, बरं का.

नेमक्या याच काळात आपण ही शाळा आणली. फोर्ड प्रतिष्ठानाच्या मदतीनं एक संस्था मुंबईत काढावी असा विचार आधी होता. विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई आणि मुख्यमंत्री जीवराज मेहता यांनी ती अहमदाबादेत ओढून नेली. १९६१ च्या नोव्हेंबरात कोलकात्याची आयआयएम निघाली, डिसेंबरात अहमदाबादची. एकीला मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीचा आधार, दुसरीला हार्वर्डचा. मुंबईला १९६५ मध्ये विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था मिळाली, स्टॅनफर्डच्या सहकार्यानं.

पण हे सगळं ज्या देशात रुजलं, तिथे माल कमी आणि रांगा मोठ्या होत्या. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. जिथे गिऱ्हाईकच दुकानदाराची मनधरणी करतं, तिथे विक्रीचं शास्त्र शिकलेल्या तरुणाला जायला जागा मोजक्याच: साबण, टूथपेस्ट, चहा, औषधं. हिंदुस्तान लिव्हरला १९६१ मध्ये प्रकाश टंडन हे पहिले भारतीय अध्यक्ष मिळाले आणि मार्केटिंगमध्ये जायचं म्हणजे तिथे जायचं, असं दोन पिढ्यांनी धरलं. आणखी एक गोष्ट घडली आणि तिचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. अमेरिकेत पुढे चांगल्या शाळांनी काही वर्षं नोकरी केलेल्यांनाच घ्यायची पद्धत पाडली. आपल्याकडे हाच अभ्यासक्रम पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांचा झाला. प्रवेश परीक्षा त्यांच्या वेगाला बेतलेली, वसतिगृह त्यांच्या वयाचं, कंपन्या कॅम्पसवर येणार त्या कोऱ्या पाट्या न्यायला. अकरा वर्षं रंग तपासलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्या रचनेला ठाऊकच नव्हतं.

आणि तरी सर्वांत मोठा धडा वर्गाबाहेरूनच आला. अहमदाबादेत गुजरात सरकारच्या भूगर्भ आणि खाण विभागात रसायनशास्त्राचं काम करणारे करसनभाई पटेल १९६९ च्या सुमारास घरामागे धुण्याची पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विकू लागले. किलोला साडेतीन रुपये. कंपन्यांची पावडर तेव्हा त्याच्या तिप्पट-चौपट भावाला. जिला ती परवडत नव्हती त्या गृहिणीच्या दारात हा प्रयोगशाळेतला माणूस स्वतः उभा राहिला, तिनं बादली कशी भरली आणि कपडे कसे चोळले ते त्यानं पाहिलं असणार. ऐंशीच्या दशकात त्यांच्या या पावडरीनं, निर्मानं, बाजार असा व्यापला की लिव्हरला 'व्हील' आणावी लागली. लिव्हरनं आपल्या परीनं हे आधीच थोडं ओळखलं होतं; १९७० च्या दशकापासून त्यांचे नवे प्रशिक्षणार्थी उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात गावकऱ्यांच्या घरी राहायला धाडले जात. देशातल्या सर्वांत हुशार मुलांना निवडून कंपनी आधी गावात पाठवत होती, कारण शाळेनं त्यांना तिथे नेलं नव्हतं.

याच काळात मुंबई-पुण्यात आणखी एक शिक्षण चाललं होतं, ज्याच्यावर कुणी मानानं लिहिलं नाही: संध्याकाळचे वर्ग. मुंबई विद्यापीठाचा तीन वर्षांचा अर्धवेळ 'एमएमएम', पुणे विद्यापीठाचा 'डीबीएम' आणि अशाच पदविका. औषध कंपनीचे एमआर, बँकेतले कारकून, कारखान्यातले सुपरवायझर, सरकारी खात्यातले कनिष्ठ अभियंते या वर्गांना येत. ऐंशीच्या दशकात मी चर्चगेटजवळच्या अशा एका वर्गात पाहुणा म्हणून काही वेळा बोलायला गेलो आहे. साडेसहाला तास. बाकांवर हेल्मेटं, पायाशी सॅम्पलच्या काळ्या बॅगा, खिडकीत रिकामे डबे. एकदा वितरणाच्या वाटांवर बोलत होतो, तर शेवटच्या बाकावरचा एक एमआर उठून म्हणाला, "सर, पुस्तकात स्टॉकिस्ट एक बाण आहे. माझ्याकडे तो बाण तीन महिन्यांची उधारी मागतो." वर्ग हसला नाही. सगळ्यांनी वह्या उघडल्या आणि पुढचा तास त्या उधारीवरच झाला. एका बँकवाल्यानं व्याजाचा हिशेब मांडला, एका सुपरवायझरनं कारखान्यात माल का तुंबतो ते सांगितलं. मला ते वेल्ड यांच्या लोण्याअंड्यांइतकंच अस्सल शिक्षण वाटलं. दहा वाजून गेले तरी कुणी उठलं नव्हतं, आणि त्यातल्या निम्म्यांना कल्याण-बोरिवलीच्या पुढे जायचं होतं.

१९९१ नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. माल आला, ब्रँड आले, टीव्ही वाहिन्या आल्या, गावोगाव व्यवस्थापन संस्था निघाल्या. मध्यावर वाट बदलणाऱ्यांसाठी खास दारंही उघडली. २००१ मध्ये हैदराबादच्या आयएसबीनं एका वर्षाचा अभ्यासक्रम आणला, २००६ मध्ये अहमदाबादनं अनुभवी लोकांसाठी पीजीपीएक्स सुरू केला. काही वर्षांच्या अनुभवाशिवाय अशा अभ्यासक्रमांत सहसा प्रवेश नाही, हे मला फार आवडतं. तिथे अनुभव ही अडचण राहत नाही, तीच पात्रता होते. फक्त फी इतकी की मध्यमवर्गीय मुलगी ती भरताना घर गहाण टाकण्याचाच विचार करते.

पुन्हा टेबलावरच्या पत्रकांकडे.

पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या पत्रकात प्लेसमेंटचा एक मोठा आकडा ठळक छापला होता, सरासरी पगाराचा. मी तिला सांगितलं, सरासरी बाजूला ठेव, मधला आकडा माग. दोघांतिघांना परदेशी पगार मिळाला की सरासरी फुगते. आणि त्याहून महत्त्वाचं विचार: गेल्या तीन तुकड्यांत दहा वर्षांहून जास्त अनुभव असलेले किती होते आणि त्यांना कोणतं पद मिळालं? बावीस वर्षांच्या मुलाला मिळालेली एरिया सेल्सची नोकरी त्याच्यासाठी सोन्यासारखी असते. तेहतिसाव्या वर्षी, नोकरी सोडून, कर्ज काढून, तिथेच येऊन उभं राहायचं असेल तर तिच्या अकरा वर्षांची किंमत शून्य धरली गेली. ती किंमत शून्य धरणारा अभ्यासक्रम, क्रमवारीत कितीही वर असला, तिच्या कामाचा नाही.

ऑनलाइनच्या पत्रकाबद्दल माझ्या मनात अढी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे की मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. पण तिच्या हातातल्या पत्रकात 'पदवी' हा शब्दच नव्हता. होतं ते 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम' आणि प्रमाणपत्र, एका नामवंत संस्थेच्या चिन्हासह. हा फरक बारीक अक्षरांत असतो आणि लोक तो फी भरल्यावर वाचतात. शिवाय पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र यांची सरमिसळ आपल्याकडे जुनीच आहे. आयआयएमसुद्धा कितीतरी वर्षं पदविकाच देत होत्या. २०१७ चा कायदा २०१८ च्या जानेवारीअखेर लागू झाला, तेव्हा त्यांना पदवी द्यायचा अधिकार मिळाला. त्यामुळे कागदाचं नाव बघून घाबरू नये आणि भुलूही नये. पुढे शिकवायचं असेल, पीएचडी करायची असेल, सरकारी नोकरीत बढती हवी असेल, तर कागद कोणता हे आधी पाहावंच लागतं. तिला ते नको होतं. तिला रंग घेऊन पुन्हा कुणाच्या तरी दारात जायचं होतं.

राहिलं संध्याकाळचं पत्रक. चार पानांचं, छपाई साधी. तिच्या आईला ते आवडलेलं नव्हतं. "एवढं शिकून संध्याकाळच्या वर्गाला?" मैत्रिणीच्या आवाजातली काळजी मला कळत होती. लग्नाचं, घराचं, अंबरनाथहून रोज शहरात येऊन मध्यरात्री परतण्याचं, सगळं त्यात होतं. ती काळजी खोटी नाही. तीन वर्षं आठवड्यातून चार दिवस रात्री बाराला घरी येणं म्हणजे काय, हे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त माहीत असतं. कल्याणच्या पुढची शेवटची गाडी चुकली तर काय, याचं उत्तर कोणत्याच संस्थेच्या पत्रकात नसतं. मी तो प्रश्न टाळला नाही. वर्ग शनिवार-रविवारी आहेत का ते विचार, असं तिला म्हटलं. बऱ्याच संस्थांनी अलीकडे तसे बदल केले आहेत.

मग मी तिला एकच काम दिलं. तिन्ही ठिकाणच्या शिक्षकांना फोन करून दोन प्रश्न विचारायचे. पहिल्या वर्षात विद्यार्थी वर्गाबाहेर, बाजारात, दुकानात, वितरकाकडे, ग्राहकाच्या कारखान्यात किती दिवस असतो? आणि माझ्या आधीच्या कामातलं उदाहरण मी वर्गात मांडलं तर त्यावर तुम्ही एक तास घ्याल का?

दोन दिवसांनी ती आली. पहिल्या संस्थेत शिक्षकांपर्यंत फोन पोचलाच नाही. प्रवेश विभागातल्या मुलीनं हसून सांगितलं की इंडस्ट्री व्हिजिट असते, वर्षातून एक. ऑनलाइनवाल्यांनी तिचा नंबर टिपून घेतला आणि त्यानंतर रोज तीनदा फोन यायला लागले. संध्याकाळच्या अभ्यासक्रमाच्या बाईंनी स्वतः फोन उचलला. त्यांनी आधी तिलाच विचारलं, "तुम्ही रंगात आहात ना? रिॲक्टिव्ह का डिस्पर्स?" बाईंचे वडील भिवंडीला यंत्रमागावर होते. "पाण्याचं ते उदाहरण आणा," त्या म्हणाल्या, "बरोबर ते कापडाचे तुकडेही आणा."

"तुकडे आहेत अजून?" मी तिला विचारलं.

तिनं पर्समधून फाइल काढली. प्लॅस्टिकच्या पाकिटात तीन तुकडे होते, गडद मोरपंखी, एकाच शेडचे, आणि त्यांच्या खाली स्टेपल केलेला चौथा, मास्तरांनी बोअरच्या पाण्यात रंगवलेला, मळकट. बाईंनी तिला येत्या शनिवारी वर्गात बसायला बोलावलं आहे, प्रवेश घ्यायच्या आधी, नुसतं बघायला. आई बरोबर जाणार आहे. परतीची गाडी किती वाजता सुटते आणि स्टेशनापर्यंतचा रस्ता रात्री कसा असतो, ते आईला स्वतः पाहायचं आहे.